धर्मराज कांबळे यांची लाथ

धर्मराज कांबळे यांनी जन्मात कुणावर हात उगारला नाही, ही गोष्ट अनगोळच्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. कारण ती धर्मराजांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलेली होती. घरात झुरळ निघालं तर ते त्याला कागदावर घेऊन परसात सोडून येत. झुरळ त्यांच्या आधी घरात पोचे, तो भाग वेगळा. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असूनही त्यांनी कधी शिपायावर आवाज चढवला नाही. शिपाई त्यांच्यावर चढवी. बुद्धजयंतीला वाचनालयात पंचशीलावर बोलायचं तर धर्मराजांनीच, असा रिवाजच पडून गेला होता. जीवहिंसा करू नये, या पहिल्याच शीलावर ते असे काही रंगत की वेळ संपून जाई आणि उरलेली चार शीलं दरसाल पुढच्या वर्षावर ढकलली जात.

अशा माणसानं सत्त्याऐंशी साली, एका रविवारी सकाळी, अहिंसेवरच्या सभेत, फौजदारांच्या देखत, आपल्या सख्ख्या शेजाऱ्याला लाथ घातली. तीही साधी नव्हे, हवेत उडी घेऊन. गल्लीतले लोक अजून त्या लाथेवरून काळ मोजतात. अमक्याचं लग्न लाथेच्या आधीचं, तमक्याची बदली लाथेनंतरची, असं.

हे कसं घडलं ते नीट सांगायला हवं, कारण त्याबद्दल बरंच खोटंनाटं पसरलेलं आहे.

भावकू हा खानापूरकडच्या एका खेड्यातला तरुण. गोव्यात हॉटेलात काम करता करता त्याला व्हिडिओ गेमचा नाद लागला आणि परत येताना त्यानं दोन जुनी मशिनं काजूच्या ट्रकमधून आणली. गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं होतं. तिथं त्यानं गोणपाटाचा पडदा लावून आत अंधार केला आणि मशिनं मांडली. कपाटाएवढं मशीन, वर काच, खाली एक दांडा आणि दोन बटणं. एका मशिनात विमानं बॉम्ब टाकत. दुसऱ्यात कराटे होतं. पांढऱ्या कपड्यातला माणूस आणि तांबड्या कपड्यातला माणूस एकमेकांना बुकलून काढत. आपण पांढऱ्याला चालवायचं. तांबड्याला लोळवलं की पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळा पट्टा मिळे, मग हिरवा, मग काळा. आपण लोळलो की मशीन असा काही करुण सूर काढी की बाहेरची कुत्री त्याला साथ देत.

गल्लीला या सगळ्याचं काही नव्हतं. गल्लीत त्याआधी पिठाची गिरणी होती, बँडवाल्यांची तालीम होती; आवाजाला गल्ली भीत नव्हती. पण एका सकाळी अक्काताईंच्या न्हाणीघराचं दार मोडलं.

दार मोडलं ते शामूनं. शामू हा अक्काताईंचा धाकटा दीर, सिटी बसमध्ये कंडक्टर. ड्यूटी सुटली की तो भावकूकडे कराटे खेळे. त्या सकाळी त्यानं न्हाणीघराच्या दारावर अशी लाथ मारली की दार बिजागरीसकट आत गेलं. आत अक्काताई होत्या. शामूचं म्हणणं, दार फुगून अडकलं होतं आणि वहिनीच आतून ओरडत होती की मला बाहेर काढ. अक्काताईंचं म्हणणं, काढ म्हटलं होतं, मोड म्हटलं नव्हतं; शिवाय जी लाथ बसली ती माणसाची नव्हती, मशिनातली होती. उडताना तो तोंडानं ‘हूप’ असा आवाजसुद्धा करत होता.

अक्काताई तशाच ओल्या केसांनी धर्मराजांकडे आल्या. गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा झाला की तो धर्मराजांकडेच येई. मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत त्यांचा अर्ज सारखाच लांब होई. अक्काताईंची हकिगत ऐकून धर्मराज गंभीर झाले. आज दार, उद्या दारातला माणूस, असं ते म्हणाले आणि ते वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की अर्जाची सुरुवात त्यांनी त्याच वाक्यानं केली.

अर्ज तर झाला. तो द्यायचा कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. धर्मराजांनी किरकोळ रजा काढली.

पहिल्या कचेरीत सिनेमाचे परवाने मिळत. तिथल्या साहेबांनी विचारलं की या व्हिडिओत गोष्ट आहे काय. धर्मराज म्हणाले, गोष्ट नाही, नुसती मारामारी आहे. मग तो सिनेमा होत नाही, असं साहेबांनी सांगितलं. हल्लीचे बरेच सिनेमे या व्याख्येतून बाहेर पडतील, असं धर्मराजांच्या ओठावर आलं होतं. पण ते हेडक्लार्क होते, साहेबाला दुरुस्त करायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कचेरीत जुगाराचं टेबल होतं. तिथं विचारलं, जिंकल्यावर काय मिळतं. धर्मराजांनी खरं ते सांगितलं की काही मिळत नाही, आणखी मोठी मारामारी मिळते. टेबलावरचा वयस्कर माणूस थोडा वेळ विचार करून म्हणाला की मग हा जुगार नव्हे, हा संसार झाला; आणि त्यानं अर्ज परत केला.

तिसऱ्या ठिकाणी एक कन्नड कारकून भेटला. त्यानं सगळा अर्ज मन लावून वाचला, अगदी शेवटच्या ‘कळावे’पर्यंत, आणि मान वर करून एवढंच विचारलं, “पेट्टु यारिगे बित्तु?”

मार कुणाला बसला, असा त्याचा साधा प्रश्न होता. धर्मराज म्हणाले, दाराला. कारकुनानं खेदानं मान हलवली. दार तक्रार करू शकत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. माणूस आणा.

धर्मराज घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. आणि त्या पडलेल्या चेहऱ्याची वाट बघत मायाप्पा कट्ट्यावर बसलेलाच होता.

मायाप्पा हा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. मूळचा सांबऱ्याचा शेतकरी घरातला, मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. जन्मभर त्यानं लोकांच्या जमिनीला साखळी लावली होती आणि जिला साखळी लागली नाही अशा कुठल्याच गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. धर्मराज आणि तो रोज सकाळी एकत्र चहा पीत आणि रोज कशावरून तरी भांडत. मायाप्पाचं मत असं, की दार अडकलं होतं, त्याला लाथच लागत होती. शामूनं उलट वहिनीला वाचवलं. आणि खेळून माणूस मारकुटा होत असता तर सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी एव्हाना एकमेकांची डोकी फोडली असती.

“तुझ्या म्हणण्याला पुरावा काय रं?” असं तो शेवटी म्हणाला.

पुराव्याचं नाव निघालं आणि गल्लीच्या अंगात आलं. ज्याला त्याला उपाय सुचू लागले. एकानं सांगितलं की आधी बैलावर प्रयोग करावा, म्हणजे माणसाला धोका नाही. बैल दांडा कसा धरणार, या मुद्द्यावर ती सूचना मागे पडली. अक्काताईंनी शामूचं नाव पुढे केलं. पण मायाप्पा म्हणाला की शामू बसमध्ये पाशिंजरांना ढकलूनच आत भरतो, तो आधीपासूनच तसला, त्याच्यावरून काय कळणार. एखादा अगदी गरीब स्वभावाचा माणूस घ्या. त्याला आठवडाभर मशिनासमोर उभा करा. तो जर चावला, तर मी स्वतः तुमच्या अर्जावर पहिली सही करतो.

सगळ्यांच्या माना एकाच वेळी आण्णाप्पाकडे वळल्या.

आण्णाप्पा हा पोस्टात तारमास्तर. रेशनच्या रांगेत तो नेहमी शेवटी असे. मागून आलेला माणूस पुढे गेला तर तो त्याचीच माफी मागे. न्हाव्यानं एकदा त्याची एका बाजूची मिशी चुकून उडवली तेव्हा त्यानं दुसऱ्या बाजूची मुकाट्यानं घरी येऊन काढली होती. आता हिंसक होण्यासाठी आपली निवड झाली आहे हे कळल्यावर तो म्हणाला की सगळ्यांची सोय होत असेल तर माझी हरकत नाही.

आठवडाभर आण्णाप्पा पोस्टातून परस्पर भावकूकडे गेला. धर्मराज पडद्याबाहेर उभे राहून फटीतून त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य कुठं उमटतं ते बघत. उमटलं काहीच नाही. तांबड्यानं लोळवलं की आण्णाप्पा त्याला नमस्कार करे. धर्मराज निराश होत चालले होते. तेवढ्यात शनिवारी दुपारी आण्णाप्पाची बायको रुक्माबाई त्यांच्या दारात येऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली.

झालं असं होतं, की आण्णाप्पा जेवायला बसला, ताटात कारल्याची भाजी बघितली आणि म्हणाला, “आज कारलं नको.”

एवढंच. ताट फेकलं नाही, आवाज चढवला नाही. पण लग्न झाल्यापासून आण्णाप्पानं ‘नको’ हा शब्द घरात वापरलेलाच नव्हता. रुक्माबाईंना वाटलं, आज कारलं नको, उद्या मी नको. धर्मराजांच्या आतून आनंदाची उकळी आली, पण ती त्यांनी दुःखाच्या मुद्रेखाली दाबली. त्यांनी लगेच मायाप्पाला हाक मारली.

मायाप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की ही हिंसा नव्हे, ही तब्येत सुधारली. कारलं नको असताना कारलं खाणं हीच हिंसा होती आणि ती आजवर आण्णाप्पावर चालली होती. यावर रुक्माबाई रडायच्या थांबल्या आणि मायाप्पाला नाही नाही ते बोलल्या. त्यांचा आवाज ऐकून अक्काताई आल्या, त्या रुक्माबाईंच्या बाजूनं बोलू लागल्या आणि थोड्या वेळानं, कसं कोण जाणे, त्या दोघींचंच जुन्या एका चाळणीवरून जुंपलं. धर्मराज मध्ये पडले तर चाळणीत तुमचं काय, असं दोघींनीही त्यांना विचारलं. मशिनापासून पन्नास पावलांवर एवढा गदारोळ चालला होता आणि मशिनाजवळ मात्र शांतता होती, ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

जाता जाता मायाप्पानं काडी टाकली. तू त्या खेळाबद्दल एवढं बोलतोस, पण तू स्वतः कधी दांड्याला हात लावलायस काय, असं त्यानं विचारलं. न मोजलेल्या जमिनीचा नकाशा काढायचा नसतो.

हे धर्मराजांना लागलं. शत्रूचा अभ्यास करावा, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, बायकोला, जयाबाईंना, फिरायला जातो सांगून, मफलर कानाभोवती गुंडाळून ते मागच्या बाजूनं भावकूच्या दुकानात शिरले. जून महिना होता. जून महिन्यात मफलर घातलेला माणूस जास्तच ओळखू येतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

भावकू दुकान झाडत होता. एवढा शिकलेला, सरकारी माणूस आपल्या दुकानात आलेला बघून त्यानं केरसुणी टाकली आणि हात जोडले.

“या की, अण्णा. दांडा असा चिमटीत धरायचा. गच्च धरू नगा, त्याला राग येतोय.”

पहिल्या दिवशी धर्मराजांचा पांढरा माणूस तांबड्याला पाठ दाखवून उभा राहिला आणि मार खात राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. धर्मराजांना वाईट वाटू लागलं. तो पांढरा माणूस त्यांना ओळखीचा वाटू लागला. तोही कुणाचं वाकडं करत नव्हता, उगाच मध्ये उभा होता आणि जो तो येऊन त्याला बुकलत होता. आपला शिपाई, आपले साहेब, ती तीन कचेऱ्यांतली टेबलं, सगळ्यांचे चेहरे त्यांना तांबड्याच्या जागी दिसायला लागले. एके सकाळी त्यांनी दांडा वर ढकलून दोन्ही बटणं एकदम दाबली. पांढरा माणूस हवेत उडाला, उजवा पाय पुढे, डावा पोटाशी, आणि तांबडा जो आडवा झाला तो उठलाच नाही. पिवळा पट्टा मिळाला. धर्मराजांना नोकरीत बढती मिळाली तेव्हासुद्धा त्यांना एवढं भरून आलं नव्हतं. त्या बढतीची ऑर्डर चुकीच्या नावानं निघाली होती, हेही कारण असेल.

मग त्यांचं फिरणं वाढलं. सकाळचं झालं, संध्याकाळचं सुरू झालं. त्यांचा उजवा अंगठा सुजला. जयाबाई मराठी शाळेत मास्तरीण होत्या. कुठल्या तऱ्हेनं चाललं म्हणजे अंगठा सुजतो, हे कोडं त्यांनी मुकाट्यानं सोडवलं होतं. रोज निजताना त्या अंगठ्याला बाम लावत.

हिरवा पट्टा मिळाला त्या दिवशी भावकूनं त्यांच्यासाठी खास चहा मागवला आणि चाचरत एक काम सांगितलं. कुणीतरी आपल्या दुकानाविरुद्ध अर्ज करतंय असं त्याच्या कानावर आलं होतं. कोण ते त्याला माहीत नव्हतं. गावाकडं लोकांनी नावं ठेवली होती, हे दुकान गेलं तर तोंड दाखवायला जागा न्हाय, असं तो म्हणाला. तर अण्णांनी एक उलटा अर्ज लिहून द्यावा.

नाही म्हणावं तर धर्मराजांच्या तोंडात चहा होता. चहा गिळेपर्यंत उशीर झाला. त्यांनी उलटा अर्ज लिहायला घेतला. आपल्या पहिल्या अर्जापेक्षा तो थोडा पडता लिहावा असं त्यांच्या मनात होतं. पण लेखणी हातात आली की त्यांना वाईट लिहिता येत नसे. ‘खेळातला मार खेळातच जिरतो,’ अशी त्याची सुरुवात झाली. पहिला अर्ज रुक्माबाईंच्या कारल्याची पुरवणी जोडून मध्यंतरी पुन्हा धाडलेलाच होता, आणि दोन्ही अर्ज एकाच टेबलावर गेले. दोन्ही इतके मुद्देसूद होते की कचेरीला निकाल लावता येईना. शेवटी कचेरीनं ते पोलिसांकडे पाठवले आणि पोलिसांनी निरोप धाडला की रविवारी फौजदार स्वतः येऊन दोन्ही बाजू ऐकतील.

धर्मराजांना त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. मशीन बंद व्हावं असं सभेत बोलायचं होतं, आणि काळा पट्टा तर अगदी आवाक्यात आला होता.

रविवारी वाचनालयाच्या दालनात माणूस मावेना. बुद्धांच्या तसबिरीला हार घातला. फौजदार खुर्चीवर बसले. ते विजापूरकडचे, धिप्पाड, पण झोपाळू डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांच्या पुढ्यात अक्काताईंनी चिवड्याची मोठी बशी ठेवली, म्हणजे आपली बाजू पक्की होईल. भावकू कोपऱ्यात, भिंतीला लागून, नवा सदरा घालून उभा. जयाबाई बायकांत पुढे बसल्या होत्या. आण्णाप्पा रुक्माबाईंपासून थोडा लांब, मोकळा बसला होता.

धर्मराज उठले. त्या दिवशी ते जसे बोलले तसे आधी कधी बोलले नव्हते, असं त्यांचे विरोधकही कबूल करतात. माणसाच्या मनात एक कुत्रं साखळीला बांधलेलं असतं, हे खेळ ती साखळी सोडतात, असं ते म्हणाले. मी आजवर मुंगीलासुद्धा धक्का लावला नाही, आणि जो माणूस असल्या पडद्यामागं पाऊल टाकील त्याची मला कीव येते. भावकूनं चमकून वर बघितलं. उलटा अर्ज लिहून देणाऱ्या अण्णांकडे तो असा बघत राहिला की धर्मराजांना पुढचं वाक्य सापडेना, आणि टाळ्या आपोआप पडल्या.

मग मायाप्पा उठला. तो मुद्दाम सावकाश उठला. त्यानं आधी फौजदारांना नमस्कार केला, मग धर्मराजांच्या भाषणाची तारीफ केली. सगळं खरं, तो म्हणाला, फक्त एक बारीक गोष्ट राहिली. जून महिन्यात मफलर बांधून रोज सकाळी त्या पडद्यामागं जातो तो माणूस कोण, हे मी दूध आणताना गोणपाटाच्या भोकातून बघितलंय.

सभा धर्मराजांकडे वळली. धर्मराजांचे कान तापले. पण ते उभे राहिले. अभ्यासासाठी गेलो होतो, असं ते शांतपणे म्हणू शकले असते. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. एवढ्यात मायाप्पा पुढे म्हणाला,

“आणि गेला तर गेला, खेळता तरी यावं का न्हाय? अजून पांढऱ्या पट्ट्यालाच आडवा होतोय गडी. तांबड्याकडं पाठ करून उभारतोय.”

दालनभर हसू उसळलं. फौजदारही चिवडा खाता खाता हसले. जयाबाई हसल्या. पहिल्या शीलावर इतकी वर्षं बोललेल्या माणसाला त्या क्षणी काय झालं ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. धर्मराजांनी दोन पावलं मागं घेतली, तोंडानं ‘हूप’ केलं आणि ते उडाले. उजवा पाय पुढे, डावा पोटाशी. पँट शिवणीत उसवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. पाय मायाप्पाच्या बरगडीत बसायचा, पण मायाप्पा घाबरून वळला आणि तो मागल्या बाजूला, जिथं माणूस बसतो तिथं बसला. मायाप्पा सतरंज्यांच्या ढिगावर तोंडघशी गेला.

मग मागच्या रांगेतून शामू हळूच म्हणाला, “हिरवा पट्टा.”

त्यानंतर जे झालं त्याची खरी हकिगत मिळणं कठीण आहे. पुरावा मिळाला असं ओरडत अक्काताई उठल्या, त्यांचा धक्का रुक्माबाईंना लागला, रुक्माबाईंनी चाळणीचं नाव घेतलं. हिंसा नको म्हणणारे सगळे एका बाजूला आणि हिंसा नको म्हणणारे बाकीचे दुसऱ्या बाजूला, असे दोन तट पडले. छत्र्या चालल्या. शेवटी भावकू आणि शामू, दोघांनी मिळून माणसं सोडवली. आण्णाप्पानं टेबलावर उभं राहून “बसा” असं सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे लोक बसले.

फौजदारांनी धर्मराज, मायाप्पा आणि भावकू यांना चौकीवर नेलं. जयाबाई मागून रिक्षानं आल्या, नवऱ्यासाठी दुसरी पँट घेऊन. भावकूच्या दुकानाची किल्ली टेबलावर ठेवून घेतली गेली. मायाप्पाला खुर्ची दिली, पण तो बसू शकत नव्हता. तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

फौजदारांनी प्रश्न सरळ विचारला. मारलं हे दिसलंच. आता का मारलं ते सांगायचं. मशिनाच्या नादानं मारलं असेल तर तसं लिहितो. मग तुमच्याकडं दोष कमी आणि दुकान आजच बंद. आपल्या आपण मारलं असेल तर हेडक्लार्क असा की कोण असा, प्रकरण तुमच्यावर.

धर्मराजांनी वर बघितलं. जिंकले होते ते. इतके दिवस जो पुरावा शोधत ते कचेऱ्या हिंडले, तो पुरावा त्यांनी स्वतःच्या पायानं सादर केला होता. नुसतं हो म्हणायचं होतं.

आणि तेवढ्यात मायाप्पा बोलला. जन्मात कुणाचं म्हणणं मान्य न केलेला तो माणूस कण्हत म्हणाला, “लिवा साहेब, मशिननंच मारलं. ह्याचं खरं होतं, माझं चुकलं. सोडा त्याला. त्याची नोकरी हाय.”

धर्मराजांनी मायाप्पाकडे बघितलं आणि मग भावकूकडे. भावकू किल्लीकडे बघत होता.

“साहेब,” धर्मराज म्हणाले, “राग माझाच होता. लई दिवसांचा होता. लाथ तेवढी तिकडनं शिकलो.”

फौजदारांनी लेखणी उचलली आणि परत ठेवली. हे कशात बसवावं ते त्यांना कळेना. राग एकाचा आणि लाथ दुसऱ्याची, असं कलम त्यांच्या माहितीत नव्हतं. त्यांनी मायाप्पाला विचारलं, तुमची तक्रार आहे काय. मायाप्पा म्हणाला, कसली तक्रार, मी सतरंजीत पाय अडकून पडलो. फौजदार म्हणाले, मी डोळ्यांनी बघितलं. मायाप्पा म्हणाला, साहेब, त्या वक्ताला तुमची मान चिवड्याच्या बशीत होती.

मग फौजदारांनी किल्ली भावकूकडे सरकवली, शाळेच्या वेळात दुकान बंद ठेवायला सांगितलं आणि सगळ्यांना जायला फर्मावलं. भावकूनं बाहेर आल्यावर धर्मराजांच्या पाया पडायला वाकायचं केलं. धर्मराज दोन पावलं मागं सरले, आणि त्यांनी दोन पावलं मागं घेतलेली बघून मायाप्पाही बाजूला झाला.

रिक्षात मायाप्पाला बसता येईना. तो सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून उभा राहिला, आणि वळणावर पडू नये म्हणून धर्मराजांनी त्याच्या कमरेला मिठी मारली. जयाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसल्या. ड्रायव्हरनं विचारलं, काय झालं म्हाताऱ्याला. पडला, असं धर्मराज म्हणाले. पडलो, असं मायाप्पा म्हणाला. जयाबाई म्हणाल्या की सरळ बघून चालवा.

घरी आल्यावर जयाबाईंनी मायाप्पाला त्याच्या घरी जाऊच दिलं नाही. त्याची बायको माहेरी गेलेली होती. त्यांनी त्याला आपल्या सोप्यातल्या कॉटवर पालथा निजवला, तव्यावर मीठ भाजलं, फडक्यात बांधलं आणि ती गरम पुरचुंडी नवऱ्याच्या हातात दिली.

“तुम्हीच शेका,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

धर्मराज कॉटच्या कडेला बसून शेकू लागले. मीठ निवलं, जयाबाईंनी दुसरं आणून दिलं. मायाप्पा उशीत तोंड खुपसून मधून मधून हुं हुं करत होता. मग त्यानं मान थोडी वळवली.

“एक खरं सांग रं. राग कशाचा आलता? खेळतोस म्हटल्याचा, का खेळता येत न्हाय म्हटल्याचा?”

धर्मराजांनी पुरचुंडी दुसऱ्या हातात घेतली.

“दुसऱ्याचा,” ते म्हणाले.

“मला वाटलंच,” मायाप्पा म्हणाला. त्यानं परत उशीत तोंड घातलं. “जरा खाली शेक. तिथं न्हवं. डावीकडं.”